अंतराची किंमत : स्कायरिम नव्या नियमांनी खेळण्याच्या नोंदी

८ जून २०२५

स्कायरिम या व्हिडिओ गेममधली माझी जुनी खेळी आज मी थांबवली. पात्र ५३व्या पातळीला पोहोचले होते, थैलीत चाळीस हजारांहून अधिक सुवर्णमुद्रा होत्या, आणि परवा एक ड्रॅगन अंगावर आला तेव्हा तो मरेपर्यंत मला एकदाही जागा बदलावी लागली नाही. ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रकाशित झालेला हा खेळ मला अजूनही मनापासून आवडतो, त्यामुळे दोष खेळाचा की माझ्या खेळण्याच्या सवयींचा, हे आधी तपासावे असे वाटले. म्हणून आज तासभर खेळताना शेजारी वही ठेवली आणि दर वेळी नकाशा उघडून फास्ट ट्रॅव्हल केले (म्हणजे न चालता थेट दुसऱ्या ठिकाणी पोहोचले) की एक रेघ ओढली. तासाच्या शेवटी ११ रेघा झाल्या होत्या. उरलेला वेळ एखाद्या गुहेच्या दारापासून तिच्या शेवटच्या पेटीपर्यंत जाण्यात आणि मिळालेल्या वस्तू विकण्यात गेला. मोकळ्या माळावर, रस्त्यावर, नदीकाठी असा वेळ दहा मिनिटेही भरला नसेल. नऊ परगण्यांचा एवढा मोठा मुलूख समोर असताना मी त्याच्या फक्त खोल्या वापरत होते.

पुढचे दोन महिने नव्याने खेळायचे आणि कोणता बदल नेमका काय घडवतो हे इथे लिहायचे, असे ठरवले आहे. बाहेरचे मॉड (खेळाडूंनी बनवलेले फेरबदल) वापरणार नाही, कारण निघालेले निष्कर्ष कन्सोलवर खेळणाऱ्यालाही उपयोगी पडावेत. माझ्याकडे २०१६ची स्पेशल एडिशन आहे, आणि भूक, थंडी व थकवा मोजणारा सर्व्हायव्हल मोड २०२१च्या नोव्हेंबरपासून त्या आवृत्तीबरोबर विनामूल्य मिळतो. तेवढे साहित्य पुरेसे आहे.

१० जून २०२५

खेळ सोपा वाटू लागला की बहुतेक जण सेटिंगमध्ये जाऊन काठिण्य वाढवतात, आणि मीही पूर्वी तेच केले होते. आज जुन्या सेव्हवर (साठवलेल्या खेळीवर) ते नीट तपासले. या खेळातल्या सहा काठिण्यपातळ्या मुख्यतः दोनच आकडे बदलतात : आपण केलेली इजा आणि आपल्याला झालेली इजा. ॲडेप्ट या मूळ पातळीवर दोन्ही आकडे जसेच्या तसे राहतात. एक्स्पर्टवर आपली इजा पाऊणपट आणि शत्रूची दीडपट होते, मास्टरवर निमपट आणि दुप्पट, तर २०१३ साली जोडलेल्या लेजंडरी पातळीवर आपली पावपट आणि शत्रूची तिप्पट. शत्रू अधिक हुशार होत नाही, वेगळ्या दिशेने येत नाही, साथीदारांना हाक मारत नाही. जो दरोडेखोर चार घावांत पडत होता तो सोळा घावांत पडतो, एवढाच फरक.

याचा आणखी एक परिणाम मला आज लक्षात आला. आपल्या साथीदाराने केलेली इजा या गुणाकारात कमी होत नाही, त्यामुळे लेजंडरीवर स्वतः तलवार चालवण्यापेक्षा साथीदाराच्या मागे उभे राहणे फायद्याचे ठरते. त्याचप्रमाणे लपून केलेल्या हल्ल्याला मिळणारा गुणक (पर्क, म्हणजे कौशल्यातली खास क्षमता, घेतल्यावर धनुष्याला तिप्पट, खंजिराला पंधरापट) अत्यावश्यक होऊन बसतो, आणि म्हणूनच काठिण्य वाढवणारा खेळाडू शेवटी अंधारात दबा धरून बाण मारत राहतो. माझेही पात्र असेच घडले होते. काठिण्य वाढवण्याने निवडी वाढायला हव्यात, आणि इथे त्या कमी होतात. नवी खेळी मी एक्स्पर्टवर ठेवणार आहे आणि त्या सेटिंगला पुन्हा हात लावणार नाही.

१४ जून २०२५

खेळ सोपा का होतो याचे दुसरे कारण शोधण्यासाठी शत्रूंच्या पातळ्या पाहिल्या. या खेळात शत्रू आपल्याबरोबर वाढतात हे खरे असले तरी त्या वाढीला छत आहे. साध्या दरोडेखोरांच्या श्रेणी चढत जाऊन २५व्या पातळीच्या मरॉडरपाशी थांबतात, त्यामुळे त्यापुढे गेलेल्या पात्रासमोर रस्त्यावरचा दरोडेखोर कायमचा मागे पडतो. दुसरीकडे, पात्राची पातळी कोणत्याही कौशल्याने वाढते. गावात बसून शंभर खंजीर घडवले तरी ती चढते, आणि मग बाहेर भेटणारे शत्रू आपल्या लढण्याच्या सरावाच्या मानाने जड जातात. म्हणजे अवघडपणा आधी नको तिथे येतो आणि नंतर हवा तिथे येत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी लोहारकाम, मंत्रभारण (वस्तूंत जादू भरणे) आणि औषधनिर्मिती यांचे त्रिकूट आहे. मंत्रभारित कपड्यांनी औषधे प्रभावी होतात, त्या औषधांनी मंत्रभारण वाढते, आणि दोन्हींच्या जोरावर लोहारकामातून अशी शस्त्रे निघतात की खेळातले कोणतेही सापडलेले शस्त्र त्यांच्यापुढे फिके पडते. चिलखताने होणारी घट ८० टक्क्यांवर थांबते, पण त्या मर्यादेला पोहोचणेही या मार्गाने फार सोपे आहे. एकदा हे साधले की थडग्याच्या तळाशी पेटीत काय असेल याची उत्सुकता उरत नाही, कारण जे काही असेल ते आपल्या तलवारीपेक्षा कमीच असणार. तेव्हा नियम असा : तिन्हींपैकी एकच कला घ्यायची. मी औषधनिर्मिती घेतली.

१५ जून २०२५

बाकीचे नियम आज लिहून काढले. फास्ट ट्रॅव्हल सर्व्हायव्हल मोडमध्ये आपोआपच बंद होते, पण मोठ्या शहरांच्या तबेल्यांबाहेरची भाड्याची गाडी चालेल, कारण तिला पैसे मोजावे लागतात (मोठ्या शहरांसाठी २० आणि लहान राजधान्यांसाठी ५० मुद्रा) आणि ती सगळीकडे जात नाही. नकाशा फक्त छताखाली उघडायचा : खानावळीत किंवा कोणाच्या घरी बसून तो पाहायचा, वाट स्वतःच्या शब्दांत वहीत लिहायची आणि बाहेर पडल्यावर वहीवर चालायचे. लढाईत सामानाची यादी उघडायची नाही, कारण ती उघडली की खेळ थांबतो आणि मरणाच्या दारातले पात्र वीस चिजांचे गोळे खाऊन उठू शकते. जे आधीच १ ते ८ या कळांवर ठेवले असेल तेवढेच वापरायचे. सेव्ह फक्त झोपताना करायचे, आणि म्हणून स्वयंसेव्हच्या पर्यायांपैकी विश्रांतीचा सोडून बाकी सर्व बंद केले.

नकाशाचा नियम २००२ सालच्या मॉरोविंडवरून सुचला. त्या खेळात काम सांगणारा माणूस वाटही सांगतो आणि ती रोजनिशीत नोंदली जाते. नकाशावर ठिकाण दाखवणारे टिंब नसते. स्कायरिममधली कामे मात्र टिंब आहे असे गृहीत धरून लिहिलेली आहेत, त्यामुळे वाट सांगण्याचे काम मला स्वतःलाच करावे लागणार.

२१ जून २०२५

खेळी सुरू झाली. पात्र म्हणजे ब्रेटन या खेळातल्या एका मानववंशाची बाई, जी वनस्पती गोळा करून औषधे विकते आणि निरोप-सामान पोहोचवते. रिव्हरवुड गावातल्या दुकानात चोरीला गेलेल्या सोन्याच्या पंजाचे काम मिळाले. यापूर्वी हे काम मी निदान सहा वेळा केले असेन, पण दुकानदाराची बहीण कॅमिला आपल्याबरोबर गावाच्या टोकाला येते, पुलापाशी थांबते आणि डोंगरावर जाणारी वाट दाखवते, हे आज प्रथमच लक्ष देऊन ऐकले, कारण आज मला तिच्या सांगण्याची गरज होती. लहानपणी सह्याद्रीत फिरताना वाटेतल्या वाडीवर विचारले की एखादी आजी हात लांब करून ओढा, आंब्याचे झाड आणि खिंड एवढ्यावर पुढची तीन तासांची वाट सांगत असे, आणि ते सगळे मनात घोळवत आम्ही चालत असू. नेमके तसेच चालणे आज झाले.

वर बर्फ लागताच थंडी चढू लागली आणि जीवनरेषेचा एक भाग गोठून गेला. जिथे जायचे होते त्या ब्लीक फॉल्स बॅरो या प्राचीन थडग्याच्या दारातच दरोडेखोर होते, आणि या मोडमध्ये जखमा आपोआप भरत नसल्याने प्रत्येक चूक पुढच्या खोलीतही बरोबर आली. आत न जाता परत फिरले. सव्वा तास खेळून हाती काहीच लागले नाही, आणि तरीही उठताना पुढे काय होणार याची ओढ होती.

२२ जून २०२५

धाकटा भाऊ शेजारी बसून पाहत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, नकाशा उघडत नाहीस ते ठीक, पण वरच्या पट्टीवर तुझी नजर सारखी आहेच की." त्याचे म्हणणे बरोबर होते. काम निष्क्रिय केल्यावर त्याचा बाण जातो, पण पडद्याच्या वरच्या बाजूचे होकायंत्र जवळच्या प्रत्येक गुहेची, छावणीची आणि बुरुजाची खूण दाखवत राहते, आणि शत्रू सावध झाले की त्यांचे लाल ठिपकेही दाखवते. मी वाटेने जात नव्हते, एका खुणेकडून दुसऱ्या खुणेकडे जात होते.

काळ्या कागदाची पट्टी कापून मॉनिटरच्या वरच्या कडेला चिकटवली.

या एका पट्टीने आतापर्यंतच्या सर्व नियमांहून अधिक फरक पडला. उत्तर दिशा कुठे हे कळण्यासाठी सूर्य पाहावा लागला. जगाचा कंठ (थ्रोट ऑफ द वर्ल्ड) म्हणवला जाणारा मोठा डोंगर व्हाइटरन शहराच्या आग्नेयेला आहे, तो कोणत्या खांद्यावर आहे हे सतत लक्षात ठेवावे लागले. चौरस्त्यांवरच्या लाकडी पाट्या मी आजवर सजावट समजत होते, त्या पहिल्यांदा वाचल्या आणि त्या अचूक निघाल्या. नद्याही नीट मांडलेल्या आहेत : व्हाइट रिव्हर इलिनाल्टा तळ्यातून निघते, रिव्हरवुडवरून खाली येते आणि पूर्वेला वळते, त्यामुळे चुकलेल्या माणसाने तिचा काठ धरला तर तो कुठे तरी वस्तीला लागतोच. ज्यांनी हा मुलूख रचला त्यांनी तो खुणांशिवायही वाचता येईल असा रचला आहे, हे कळल्यावर मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला.

२८ जून २०२५

पट्टीचा एक परिणाम मी योजलेला नव्हता. शत्रूची जीवनरेषाही होकायंत्राच्या खालीच दिसते, आणि ती झाकली गेली. समोरचा किती उरला आहे हे आकड्याने कळत नाही म्हटल्यावर माघार केव्हा घ्यायची हा प्रश्न खरा झाला. मी त्याच्या हालचालींकडे, ढाल उचलण्याच्या वेगाकडे पाहू लागले. लाल ठिपके नसल्यामुळे हेडफोन लावून खेळते. थडग्यात शवपेटीचे झाकण पडल्याचा आवाज मागून आला की उजवीकडून की डावीकडून, यावर पुढचे दहा सेकंद अवलंबून असतात. ब्लीक फॉल्स बॅरो तिसऱ्या प्रयत्नात पार झाले.

५ जुलै २०२५

मेले की पात्र कायमचे पुसायचे, हा प्रयोग एका वेगळ्या पात्रावर आठवडाभर केला आणि सोडून दिला. त्याने ताण वाढतो, पण मी कोणत्याही अनोळखी दारात पाऊल टाकेनाशी झाले, आणि अनोळखी दारे उघडण्यासाठीच तर हा खेळ आहे. झोपताना सेव्ह करण्याचा नियम अधिक योग्य आहे : चुकीची शिक्षा अर्ध्या-पाऊण तासाची असते आणि बिछाना ही शोधण्याची गोष्ट बनते.

१२ जुलै २०२५

सर्व्हायव्हल मोड केवळ त्रास वाढवतो असा माझा पूर्वग्रह होता, कारण सतत खाणे आणि झोपणे हे मला कामाच्या यादीसारखे वाटायचे. तीन आठवड्यांनंतर मत बदलले आहे, आणि त्याचे कारण त्याची रचना आहे. थंडी जीवनशक्तीची कमाल मर्यादा खाली आणते, भूक दमाची आणि थकवा जादूशक्तीची. त्यामुळे लढवय्याला जेवण आणि मांत्रिकाला झोप अधिक महत्त्वाची ठरते, आणि दोन खेळाडूंचे दिवस एकसारखे जात नाहीत. नवी पातळीही झोपल्याशिवाय मिळत नाही. वाहून नेण्याची क्षमता कमी होते आणि बाणांनाही वजन येते, त्यामुळे पूर्वी दिसेल ते सर्व उचलणारी मी आता थडग्यातून बाहेर पडताना लोखंडी चिलखते मागे ठेवते आणि मीठ घेऊन येते. बहुतेक कालवणांना मीठ लागते, आणि गरम सूप थंडी दूर ठेवते. पिंपात मीठ सापडल्यावर इतका आनंद मला चाळीस हजार मुद्रांनी कधी दिला नव्हता.

औषधनिर्मितीतही पुस्तकी माहिती वापरत नाही. एखादी वनस्पती खाल्ली की तिचा पहिला गुण कळतो, बाकीचे मिश्रणे करून शोधावे लागतात. रस्त्याकडेची निळी डोंगरफुले आणि गहू यांपासून जखम भरणारे औषध होते, आणि जखमा आपोआप भरत नसल्यामुळे तेच माझे मुख्य उत्पादन आहे. व्हाइटरनमधल्या अर्केडियाच्या दुकानातून घेतलेले कॅनिस मूळ इंप स्टूल या अळंबीत मिसळून पाहिले तेव्हा शरीर लुळे पाडणारे विष तयार झाले. ते वहीत ठळक अक्षरांत लिहिले.

१९ जुलै २०२५

आज व्हाइटरन ते आयव्हरस्टेड. तिथे भाड्याची गाडी जात नाही. खानावळीत नकाशा पाहून वहीत लिहिले : "नदीच्या काठाने पूर्वेला, व्हाल्थाइमचे बुरूज, त्यापुढे दक्षिणेला वळण, किल्ला आमोल, मग चढ. मोठा डोंगर सदैव उजव्या हाताला."

व्हाल्थाइमला रस्त्यावरची दरोडेखोर बाई २०० मुद्रांचा टोल मागते. मागच्या खेळीत तो न मोजता देता आला असता, आज माझ्याजवळ ६४ मुद्रा होत्या. लढले तर वरच्या पुलावरून बाण येणार हे माहीत होते. संध्याकाळ होईपर्यंत दगडाआड थांबले, अंधारात मशाल न पेटवता रस्ता सोडला आणि चढावरून वळसा घालून पुढे उतरले. कोणी पाहिले नाही. एकही घाव न घालता झालेला हा पाऊण तास या खेळीतला आतापर्यंतचा सर्वांत थरारक भाग होता.

वेळेचाही हिशेब नोंदवते. खेळातला काळ मूळ सेटिंगनुसार खऱ्या काळाच्या २० पट वेगाने धावतो, म्हणजे तिथला पूर्ण दिवस आपल्या ७२ मिनिटांत संपतो आणि अर्ध्या तासाच्या चालीला तिथले १० तास लागतात. हा वेग निम्मा करावा असे आधी वाटले होते, पण मग रात्र वाटेत गाठणार नाही आणि मुक्काम कुठे करायचा हा विचारच उरणार नाही, म्हणून तो तसाच ठेवला.

व्हिलेमिर खानावळीत पोहोचले तेव्हा भूक, थकवा आणि थंडी तिन्ही टोकाला होती. सूप, झोप, सेव्ह.

२० जुलै २०२५

गावातला क्लिमेक डोंगरावरच्या हाय ह्रोथगार मठातल्या साधूंना शिधा पोहोचवतो, आणि आता ते काम त्याने माझ्या पात्राला दिले. ड्रॅगनची मुख्य कथा मी मुद्दाम सुरू केलेली नाही. ती सुरू झाली की जग बुडते आहे असे सगळे सांगतात आणि फुले वेचत फिरणे पात्राला शोभत नाही. शिध्याचे पोते मात्र तिला शोभते.

सात हजार पायऱ्यांच्या वाटेवर (प्रत्यक्ष मांडलेल्या पायऱ्या नावापेक्षा पुष्कळ कमी आहेत) एका अरुंद जागी हिमट्रोल असतो. दुपारी निघाले आणि त्याच्यापर्यंत पोहोचेतो अंधार, वारा आणि थंडी यांनी जीवनरेषा निम्म्यावर आली. त्याच्या जखमा लढता लढता भरून येतात, माझ्या येत नाहीत. दोन फटक्यांत खेळ संपला आणि मी पुन्हा खानावळीच्या बिछान्यात होते.

२७ जुलै २०२५

आठवडाभर तयारी केली. ट्रोलला आग सोसत नाही आणि ज्वाळांचा मंत्र प्रत्येक पात्राला सुरुवातीपासून येतो, पण तो टिकण्यासाठी जादूशक्ती पूर्ण हवी, म्हणजे पुरेशी झोप हवी. फटके सोसायचे तर जीवनरेषा गोठलेली नको, म्हणजे केसाळ कातड्याचे कपडे, पोटात गरम सूप आणि उन्हाची वेळ हवी. विष ४ क्रमांकाच्या कळेवर, औषध ५वर. या यादीतली कोणतीही एक गोष्ट मागच्या खेळीत मला विचारात घ्यावी लागली नव्हती.

पहाटे निघाले. वाटेतल्या कोरीव शिला थांबून वाचल्या, ज्या पूर्वी मी धावत ओलांडल्या होत्या. ट्रोल दिसला तेव्हा विष लावलेला पहिला बाण खडकाला लागला. दुसरा त्याच्या खांद्यात बसला, तो कोसळला, आणि तेवढ्या क्षणभरात मी ज्वाळा सोडल्या. तो उठला, एक फटका बसला, मी औषध घेतले, पुन्हा ज्वाळा. जीवनरेषा दिसत नसल्यामुळे तो पडला तरी मी चार पावले मागे सरकून थांबले होते.

वर शिधा अर्पणपेटीत ठेवला आणि दहावी शिला वाचली. दहाही शिला वाचल्या की एक दिवसापुरते असे वरदान मिळते की रानातली जनावरे हल्ला करत नाहीत आणि पळूनही जात नाहीत. इतक्या वर्षांत ते मला कधी मिळाले नव्हते, आणि मिळाले असते तरी मी पुढच्या क्षणी नकाशा उघडून निघून गेले असते. आज क्लिमेकला निरोप सांगण्यासाठी पायीच उतरायचे होते. अर्ध्या वाटेवर पायरीच्या कडेला एक डोंगरी बकरी उभी होती. मी तिच्या अगदी जवळून गेले, आणि ती तशीच उभी राहिली. खाली पोहोचले तेव्हा आयव्हरस्टेडच्या घरांत दिवे लागले होते. क्लिमेकने मजुरी दिली. सूप, झोप, सेव्ह.